शहरातल्या मोहिमेत रेंजर: खेळाडूचा क्लास मोहिमेशी जुळत नसेल तर डीएमने काय करावं?

शिळोप्या

नमस्कार मंडळी.

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, पात्रं रंगवत खेळायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. 'वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट' सुरू करतो आहोत. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा; खेळाडू चार. ज्यांनी ही मोहीम पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: पहिल्या लेव्हलपासून पाचव्या लेव्हलपर्यंत जाते आणि जवळजवळ सगळी वॉटरडीप या एकाच मोठ्या शहरात घडते. गल्ल्या, गटारं, सराया, सरदारांचे वाडे.

तिघांनी रोग (Rogue, चोरट्या कसबाचा), बार्ड (गाणारा जादूगार) आणि क्लेरिक (देवाचा पुजारी) हे क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, घेतलेत. चौथ्याला रेंजर (रानातला शिकारी-वाटाड्या) हवा आहे. पार्श्वभूमी 'आउटलँडर', हातात लाँगबो, अरण्यात वाढलेला, माणसांत न रमणारा, शहराचा तिटकारा असलेला.

अडचण अशी की रेंजरला पहिल्या लेव्हलला मिळतं काय, तर फेवर्ड एनिमी (ठरावीक शत्रूची जाण) आणि नॅचरल एक्सप्लोरर (ठरावीक भूप्रदेशाची जाण). नॅचरल एक्सप्लोररसाठी आठ भूप्रदेशांतून एक निवडायचा: बर्फाळ प्रदेश, किनारा, वाळवंट, जंगल, गवताळ प्रदेश, डोंगर, दलदल आणि अंडरडार्क. शहर नाही. म्हणजे पहिल्या लेव्हलचं अर्धं बळ पाचव्या लेव्हलपर्यंत पडून राहणार. आउटलँडरचं वैशिष्ट्य स्वतःसह आणखी पाच जणांचं अन्नपाणी रानात शोधून देतं. इथे कोपऱ्या-कोपऱ्यावर खानावळ आहे.

निवड बदलायला सांगावी, क्लासमध्ये फेरफार करावा, की मोहिमेत रान घुसवावं? पहिला खेळ पुढच्या रविवारी आहे.

फासेबहाद्दर

स्पष्ट 'नाही' म्हणा. सेशन झिरोलाच (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या क्लासची यादी द्यायला हवी होती. खेळाडूला वाईट वाटेल ते एक दिवस. पाच लेव्हल नुसतं बसून राहणं त्याहून वाईट.

कंदील

@फासेबहाद्दर, असहमत. 'रेंजर हवा' हे उत्तर आहे, त्यामागचा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. नाही म्हणण्याआधी त्याला एवढंच विचारा: तुझा रेंजर काहीतरी झकास करतोय असा एकच प्रसंग डोळ्यासमोर आण, आणि त्यात तो नेमकं काय करतोय ते सांग.

उत्तर सहसा चारपैकी एका वाटेने येतं. दुरून बाण मारतोय, तर हवंय ते धनुष्य. मग आर्चरी स्टाइलचा फायटर पहिल्याच लेव्हलला नेमबाजीवर +२ देतो, रेंजरला तेच दुसऱ्या लेव्हलला मिळतं. सोबत लांडगा आहे, तर हवाय तो प्राणी. कोणाचा तरी माग काढतोय, तर माग शहरातही काढता येतो, आणि या मोहिमेत तर सतत कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर राहावं लागतं. 'एकटाच बसलाय, कोणाशी बोलत नाही' असं उत्तर आलं, तर तो क्लासचा विषयच नाही, स्वभावाचा आहे, आणि त्यावर वेगळं बोलावं लागेल.

चारही उत्तरांना औषध वेगवेगळं आहे. न विचारता दिलं तर चुकीच्या दुखण्यावर लागतं.

गल्लीबोळ

माग काढणं हवं असेल तर रोगचा स्काउट सबक्लास (क्लासची उपशाखा) बघा ('झनाथर्स गाइड', २०१७). तिसऱ्या लेव्हलला नेचर आणि सर्व्हायव्हल ही दोन्ही कौशल्यं मिळतात, तीही दुप्पट प्रोफिशियन्सीने (शिकलेल्या कामात फाशावर मिळणारा जास्तीचा आकडा). शत्रू पाच फुटांत येऊन थांबला की रिअ‍ॅक्शन वापरून अर्ध्या वेगाइतकं सरकता येतं, आणि त्यावर शत्रूला संधीचा वार मिळत नाही. अंगावर रेंजरचा झगा, आत रोगची यंत्रणा. शहरात हा कुठेच अडत नाही.

बेरीजवाली

@गल्लीबोळ, स्काउट चांगलाच आहे, पण या टेबलावर दोन अडचणी.

गटात आधीच एक रोग आहे. कुलपं, सापळे, छपून जाणं हे ज्याने आपलं मानलंय, त्याच्या शेजारी त्याच कामाचा दुसरा माणूस बसवला की एकाचा प्रश्न सोडवताना दुसऱ्याचा तयार होतो. क्लास 'न जुळणं' हे फक्त मोहिमेशी नसतं, टेबलावरच्या बाकीच्या तिघांशीही असतं.

दुसरं, रेंजरला पाचव्या लेव्हलला दुसरा वार मिळतो आणि दुसऱ्या लेव्हलपासून स्पेल (जादूचे मंत्र). स्काउटला यातलं काही नाही. त्याचा स्नीक अटॅक (जास्तीची इजा) पाचव्या लेव्हलला ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, होतो, पण वळणागणिक एकदाच, आणि त्यासाठी एकतर अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) हवा नाहीतर शत्रूशेजारी आपला माणूस हवा. खेळाडूच्या डोक्यात 'दोन बाण सटासट' असं चित्र असेल तर पाचव्या लेव्हलला त्याचा हिरमोड होणार.

कंदील

+१. म्हणूनच आधी विचारा म्हणतोय.

तुळशीबाग

सगळ्यात कमी खटपटीचा मार्ग 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' (२०२०) मध्ये छापून आलाय. नॅचरल एक्सप्लोररऐवजी डेफ्ट एक्सप्लोरर घ्यायचा. पहिल्याच लेव्हलला एका कौशल्यात प्रोफिशियन्सी दुप्पट आणि दोन जास्तीच्या भाषा. फेवर्ड एनिमीऐवजी फेवर्ड फो: वार लागला की त्या शत्रूवर खूण करायची, पहिल्या वारापासूनच वळणातून एकदा १डी४ जास्त इजा, दिवसातून प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा. मात्र त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं (एका वेळी एकाच गोष्टीवर धरता येतं), म्हणजे हंटर्स मार्क या रेंजरच्या स्पेलसोबत चालत नाही. हे दोघांनी आधीच ध्यानात घ्या, नाहीतर दुसऱ्या लेव्हलला वाद होतो.

२०२४ च्या नियमांत तर हा प्रश्नच उरला नाही. भूप्रदेशांची यादी गेली. फेवर्ड एनिमी म्हणजे आता हंटर्स मार्क कायम तयार, आणि सुरुवातीला दिवसातून दोनदा स्लॉट (स्पेल टाकायचा रोजचा कोटा) न खर्चता.

शिळोप्या

सगळ्यांचे आभार. खेळाडूला विचारलं. उत्तर: 'सोबत जनावर आणि माणसाचा माग.' धनुष्य दुय्यम आहे. त्यामुळे @बेरीजवाली म्हणतात तशी रोगशी टक्कर नको, रेंजरच ठेवू असं वाटतंय.

पण टाशा किंवा झनाथर कोणाकडेच नाही. खेळाडूंकडे फक्त फुकट मिळणारे नियम आहेत, माझ्याकडे प्लेअर्स हँडबुक.

गावकुस

मग मूळ नियमांना बेताचं ठिगळ लावा. फुकट नियम म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत. त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे, रेंजरचा हंटर. जनावर सोबत बाळगणारा बीस्ट मास्टर तुमच्या हँडबुकात आहे.

नॅचरल एक्सप्लोररच्या यादीत नववा प्रदेश जोडा: शहर. एक ओळ लिहून मोकळं होऊ नका, प्रत्येक कलमाचं शहरात काय होतं ते ठरवा. अवघड जमिनीत गट मंदावत नाही, याचं 'गर्दी, बाजार आणि छपरांवरून जाताना मंदावत नाही'. जादूशिवाय वाट चुकत नाही, हे तसंच ठेवा, गटारांनाही लागू करा. दुसरं काही करत असतानाही धोक्याकडे लक्ष राहतं, हे शहरात सोन्यासारखं आहे, हात लावू नका. रानात दुप्पट अन्न मिळतं, त्याऐवजी बातमी काढायला गेल्यावर एकाऐवजी दोन धागे हाती लागतात. माग काढताना माणसं किती, किती वेळापूर्वी गेली, हे कळतं तेही तसंच.

बेरीजवाली

@गावकुस, एक धोक्याचं कलम राहिलं. पसंतीच्या प्रदेशाशी संबंधित इंटेलिजन्स किंवा विझडम चेकला (बुद्धी किंवा शहाणपणाची फाशावरची परीक्षा) प्रोफिशियन्सी दुप्पट होते. जंगलासाठी हे ठीक, कारण जंगलात रोज जात नाही. या मोहिमेत प्रत्येक चेक शहरातच आहे. इन्व्हेस्टिगेशन, इनसाइट, परसेप्शन, हिस्टरी, सगळंच 'शहराशी संबंधित' म्हणता येईल.

आकडे बघा. पहिली लेव्हल, विझडम १४, परसेप्शन येतं: विझडमचे २ अधिक प्रोफिशियन्सीचे २, म्हणजे +४. दुप्पट केलं की +६. पाचव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी ३, म्हणजे +५ चं +८ होतं. एका कौशल्यात हे चालेल. चार कौशल्यांत झालं तर बार्ड आणि रोग दोघांची एक्स्पर्टीज (हीच दुप्पट प्रोफिशियन्सी) फिकी पडते, कारण त्यांना ती मोजून दोन कौशल्यांत मिळते.

म्हणून शब्द आवळा: दुप्पट फक्त वाट शोधणं, माग काढणं आणि लपायची जागा हेरणं यालाच. समोरचा माणूस खोटं बोलतोय का, हे 'शहर' नव्हे.

गावकुस

बरोबर. ते कलम तसंच घ्या. आणि खेळाडूला लेखी द्या, ऐन खेळात त्यावर घासाघीस नको.

मिणमिण

अवांतर, पण याच विषयाचं दुसरं टोक: क्लास जास्तच जुळला तरी मोहीम बसते. 'टूम ऑफ अ‍ॅनायलेशन' (२०१७) मध्ये चल्टच्या जंगलात वाट चुकणं आणि अन्नपाण्याची ददात हाच निम्मा खेळ आहे. तिथे नॅचरल एक्सप्लोररमध्ये जंगल निवडलेला रेंजर आला की गट वाट चुकतच नाही. आउटलँडर असला की खाणंही सुटलं. गुडबेरी हा स्पेल घेतलेला ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आला की एका पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमधून दहा बोरं, प्रत्येक बोर एका माणसाचं दिवसभराचं पोषण.

तिथे क्लास नाकारू नये. त्याला त्याचा विजय घेऊ द्यावा आणि ताण दुसरीकडे न्यावा: वेळ, रोगराई, वाटेत भेटणारी माणसं. त्याने निवडलेलं बळ डीएमने गुपचूप निष्प्रभ केलं, तर तो पुढच्या मोहिमेत विश्वासच ठेवत नाही.

फासेबहाद्दर

गुडबेरी पोषण देते म्हणते. पाण्याचा शब्द नाही. नियमाप्रमाणे माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं आणि उन्हाळी हवेत दोन. चार जणांचं आठ गॅलन कोण वाहणार? एवढं धरलं तरी जंगल जंगल राहतं.

मिणमिण

@फासेबहाद्दर, हे आवडलं. फक्त पहिल्या दिवशी सांगा, तिसऱ्या दिवशी तहानेने दमल्यावर नको.

दिवेलागण

पॅलाडिनबद्दल (शपथेला बांधलेला योद्धा) कोणीच बोललं नाही. चोरांच्या गटात पॅलाडिन हा रेंजरपेक्षा जुना तंटा आहे. तिसऱ्या आवृत्तीत पॅलाडिन लॉफुल गुडच (नियम पाळणारा, सज्जन) असावा लागे आणि चुकला तर शक्ती जात. पाचव्या आवृत्तीत ती अट नाही, तरी डोक्यातून गेलेली नाही.

हँडबुकात शपथ तिसऱ्या लेव्हलला घ्यायची आहे, आणि या उशिराचा फायदा होतो. पहिल्या दोन लेव्हलमध्ये गट कसा वागतो ते दिसतं. डिव्होशनच्या (निष्ठेच्या) शपथेत प्रामाणिकपणा पहिलंच कलम आहे: खोटं नाही, फसवणूक नाही. व्हेंजन्समध्ये (सूडाच्या शपथेत) 'मोठ्या दुष्टाशी आधी लढ' आणि 'वाटेल त्या मार्गाने' ही दोन कलमं आहेत. चोरांसोबत ती निभावतात. खेळाडूला डिव्होशनच हवी असेल तर सगळ्यांनी मिळून एक रेघ ठरवायची. 'मी खोटं बोलणार नाही, तू बोलत असताना मी गप्प राहीन' ही रेघ बहुतेक गटांना पुरते. 'तुम्हाला कोणालाच बोलू देणार नाही' ही कोणालाच पुरत नाही. दुसऱ्याने काय करायचं हे ठरवणारं पात्र कोणत्याही क्लासचं असो, टेबल अडवतं.

पाटीपेन्सिल

तिसरा प्रकारही असतो: क्लास मोहिमेला जुळतो, गटाला जुळतो, पण खेळाडू पहिल्यांदाच खेळतोय आणि ड्रुइड मागतोय. रोज सकाळी अख्ख्या यादीतून स्पेल निवडायचे, वर दुसऱ्या लेव्हलला वाइल्ड शेप, म्हणजे प्राण्याचं रूप घेणं. सगळे थांबलेत आणि हा पानं उलटतोय, असं होतं.

'चॅम्पियन फायटर घे, सोपा आहे' असं सांगू नका. ड्रुइडच घ्या, फक्त समोरचं ताट लहान करा. दुसऱ्या लेव्हलला, विझडम १६ धरून, पाच स्पेल तयार ठेवता येतात. पहिल्या तीन खेळांसाठी पाचच ठरवून द्या: हीलिंग वर्ड, एन्टँगल, फेअरी फायर, गुडबेरी, थंडरवेव्ह. स्लॉट तीनच आहेत, त्यामुळे वहीत तीन चौकटी काढून खर्च झाली की खोडायची.

प्राण्यांची दोनच कार्डं. लांडगा लढायला, ११ हिट पॉइंट (किती इजा सोसतो), एसी (वार लागायला किती अवघड) १३. मांजर टेहळणीला. पोहणारे प्राणी चौथ्या लेव्हलला आणि उडणारे आठव्या लेव्हलला मिळतात, हे आधीच सांगा. 'मी घार होतो' हे पहिल्या दिवशी ऐकून 'नाही' म्हणावं लागलं की नव्या माणसाचा उत्साह तिथेच मावळतो.

गल्लीबोळ

वाचनखूण साठवली. हे कार्डांचं विझार्डलाही लागू आहे.

सांजवेळ

एवढं सगळं करूनही दोन-तीन खेळांनंतर क्लास नाहीच रुचला तर?

दिवेलागण

@सांजवेळ, बदलू द्या. अ‍ॅडव्हेंचरर्स लीगमध्ये पाचव्या लेव्हलचा पहिला खेळ खेळण्याआधी पात्र नव्याने बांधायची मुभा दिलेली होती. घरच्या टेबलावर त्याहून कडक राहायचं कारण नाही. लेव्हल तीच, अनुभवाचे गुण तेच, जादुई वस्तू त्याच. फक्त खेळाच्या मध्ये नाही, दोन खेळांच्या मध्ये.

कथेत कारण शोधत बसू नका. रेंजरचा फायटर झाला तर 'तो पहिल्यापासून असाच होता' म्हणून पुढे चला. स्पेल टाकणारा क्लास सोडला तरच एका वाक्याचं कारण लागतं. जुनं पात्र मारून नवं आणायचा मार्ग सगळ्यात वाईट, कारण बार्ड आणि क्लेरिकने त्या पात्राशी बांधलेलं नातंही त्यासोबत मरतं.

तुळशीबाग

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत हे कडक आहे. मोकळ्या वेळात फीट (पात्राचं निवडलेलं कसब) बदलायला निदान आठवडा, क्लासमधलं वैशिष्ट्य बदलायला निदान महिना, आणि क्लास बदलताच येत नाही. तिथेही डीएमच्या मर्जीने लोक बदलतात.

कंदील

मूळ प्रश्नाकडे येतो. @शिळोप्या, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये मला क्लासपेक्षा शेवटचे शब्द टोचले होते: 'शहराचा तिटकारा'. भूप्रदेशाचं गणित @बेरीजवाली आणि @गावकुस यांनी सोडवलं. हे सुटलेलं नाही. शहर आवडत नाही असं पात्र दर खेळाला 'मी वेशीबाहेर थांबतो' म्हणू शकतं आणि ते पात्राला धरूनच असेल. मोहिमेच्या पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणात गटाला शहरात चक्क एक पडीक सराय मिळते, ती दुरुस्त करून चालवायची असते. ज्याला तिथे राहायचंच नाही तो काय करणार?

आउटलँडर काढून अर्चिन द्या. शहरात वाढलेलं अनाथ पोर. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे शहरातल्या दोन ठिकाणांमधलं अंतर गट दुप्पट वेगाने कापतो. कौशल्यं स्लाइट ऑफ हँड आणि स्टेल्थ. सोबत चोरांची हत्यारंही वापरता येतात, पण रोगसाठी ती बाजूला ठेवायला सांगा. तिटकारा पूर्ण पुसायची गरज नाही. 'सरदारांचा तिटकारा' केला तरी पुरतो, कारण मग तो शहरात राहून काहीतरी करेल.

आणि फेवर्ड एनिमीत ह्युमनॉइडच्या दोन जमाती निवडता येतात. एक मानव घ्यायला सांगा. वॉटरडीपमध्ये तेच सगळ्यात जास्त आहेत, आणि माग काढायला त्यांच्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. भाषा मात्र दुसऱ्या जमातीची घ्या, मानवांची सगळ्यांनाच येते.

मिणमिण

दुसऱ्या प्रकरणात वेगवेगळ्या संघटना गटाला आपल्यात ओढतात, त्यात एमराल्ड एन्क्लेव्ह आहे. निसर्ग राखणाऱ्यांचीच संघटना. रान घुसवायचंच असेल तर ते तिथे आधीच आहे, नवं काही लिहायला नको.

गावकुस

जनावराबद्दल. बीस्ट मास्टर तिसऱ्या लेव्हलला. सरायेत लांडगा घेऊन गेलं तर दर दारात तोच संवाद होईल. मास्टिफ घ्या, शहरात कुत्र्याकडे कोण बघतंय. त्याचे मूळ ५ हिट पॉइंट, पण सोबत्याला मूळ आकडा किंवा रेंजरच्या लेव्हलच्या चौपट, यातलं जे जास्त ते मिळतं: तिसऱ्याला १२, पाचव्याला २०. एसी १२ मध्ये प्रोफिशियन्सी मिळवून १४. चाव्याला +५, इजा १डी६ अधिक ३. लागला तर समोरच्याला स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीवर तग धरायचा फासा) ११, चुकला की तो आडवा.

हँडबुकातला खरा दोष हा की कुत्र्याला चावायला सांगायचं तर रेंजरची स्वतःची अ‍ॅक्शन जाते. टाशात ती बोनस अ‍ॅक्शन (वळणातली जास्तीची छोटी कृती) केलीय. पुस्तक नसलं तरी एवढा एक बदल करा. या एका कारणाने लोक बीस्ट मास्टर सोडून देतात.

बेरीजवाली

+१. गणितानेही बसतं, कारण बोनस अ‍ॅक्शनवर हंटर्स मार्कही आहे. एका वळणात मार्क लावायचा की कुत्रा सोडायचा, हे त्याला निवडावंच लागेल.

शिळोप्या

ठरलं. रेंजर, अर्चिन, फेवर्ड एनिमी मानव आणि ड्वॉर्फ, भाषा ड्वॉर्व्हिश. शहर हा नववा प्रदेश, दुप्पट प्रोफिशियन्सी फक्त वाट, माग आणि लपायच्या जागेला. तिसऱ्या लेव्हलला बीस्ट मास्टर, मास्टिफ बोनस अ‍ॅक्शनवर. रोग खेळाडूला कागद दाखवला, त्याची हरकत नाही.

एकच राहिलं. त्याला कुत्रा पहिल्या दिवसापासून हवा आहे.

गावकुस

विकत घ्या. हँडबुकातल्या वाहनप्राण्यांच्या तक्त्यात मास्टिफ २५ सोन्याच्या नाण्यांना आहे. क्लास आणि पार्श्वभूमीचं सामान न घेता रोख घ्यायची: रेंजरला ५डी४ गुणिले १०, सरासरी १२५. लाँगबो ५०, लेदर आर्मर १०, दोन शॉर्टसोर्ड २०, वीस बाण १, भाता १, एक्स्प्लोरर्स पॅक १०, कुत्रा २५. झाले ११७. अर्चिनला मिळणारा शहराचा नकाशा जाईल, तो तुम्ही त्याला एखाद्या प्रसंगात द्या.

बेरीजवाली

पण तिसऱ्या लेव्हलपर्यंत तो साधा कुत्रा आहे, ५ हिट पॉइंटचा. गॉब्लिनचा एक वार १डी६ अधिक २, म्हणजे सरासरी साडेपाच. पहिल्या दोन लेव्हल त्याला फक्त वासावर माग काढू द्या आणि लढाई सुरू झाली की दाराशी बसवा. वासाच्या परसेप्शन चेकला त्याला अ‍ॅडव्हान्टेज आहे, तेवढ्यानेही खेळाडूला हवा तो प्रसंग रविवारीच मिळेल.